घरातली मुकी माणसे

मागच्या महिन्यातली गोष्ट. बाजाराचा दिवस होता. बाजाराच्या दिवशी आमच्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते, कारण भाजीपाला घेता घेता औषधही घेऊन जावे, असा संगमनेर तालुक्यातल्या खेड्यापाड्यांचा जुना रिवाज आहे. एक बाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. सोबत तिची सासू.

"आठ दिवस झाले डॉक्टर, पोरगं नीट जेवत नाही. पोट दुखतं म्हणतं. शाळेत जायला नको म्हणतं. रात्री उठून बसतं," बाई सांगू लागली.

मी मुलाला तपासले. ताप नाही. जीभ स्वच्छ, डोळ्यांत पिवळेपणा नाही, पोट मऊ. जंताची गोळी शाळेत नुकतीच दिलेली. मुलाला विचारले तर तो खाली मान घालून गप्प. शेवटी, आपण सगळे डॉक्टर अशा वेळी जे करतो तेच मी केले. टॉनिक लिहायला कागद पुढे ओढला.

तेव्हा म्हातारी म्हणाली, "टॉनिक कशाला लिहिता साहेब? बोकड विकला ना त्याचा. तवापासून असंच चाललंय."

"आत्याबाई, डॉक्टरांना काय सांगायचं ते!" सून संकोचून म्हणाली. पण मुलगा त्याच क्षणी हुंदके देऊन रडायला लागला. आठ दिवसांत तो पहिल्यांदाच रडला, असे त्याची आई नंतर म्हणाली.

मी पेन खाली ठेवले. निदान म्हातारीने केले होते. एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत हा आजार मला कोणी शिकवला नव्हता. आजचा लेख त्या मुलासाठी आणि त्याच्यासारख्या घरोघरच्या मुलांसाठी आहे. त्या मुलाचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो.

आपल्याकडे पाळीव प्राणी नवे नाहीत

'पेट' हा शब्द शहरातून आला. आपल्या जिल्ह्यात मात्र जनावर हे घरचे माणूसच असते. अकोल्याच्या डोंगरात पावसाला न जुमानणारी डांगी गाय, आमच्या भागातली दूध आणि मांस दोन्हींसाठी नावाजलेली संगमनेरी शेळी, पारनेरच्या माळावर मेंढरांमागे धावणारे धनगराचे कुत्रे, वस्तीवरच्या डालग्याखालची कोंबडी. दत्ताच्या तसबिरीत गाय आणि चार कुत्री नसतील तर तसबीर अपुरी वाटते. खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतो. पोळ्याला बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळणारा आणि वसुबारसेला गाय-वासराला ओवाळणारा समाज आपला आहे. मुक्या जिवाची सोबत माणसाला मानवते, हे त्याला कोणी वेगळे शिकवायला नको.

२०१९ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उघडल्या होत्या. त्या वेळी पाथर्डी भागातल्या एका छावणीवर आम्ही काही डॉक्टर तपासणीसाठी गेलो होतो. ऊन मी म्हणत होते. पाचटाच्या सावलीत गायी बांधलेल्या आणि त्यांच्या शेजारीच बाज टाकून माणसे राहिलेली. एक मुलगी गायीच्या पाठीला पाठ टेकून पाढे म्हणत होती. मी विचारले, "घरी का नाही गेलीस?" ती म्हणाली, "ही एकटी राहत नाही." त्या उन्हात, त्या धुळीत, गाय एकटी राहत नाही की पोरगी, हे मला सांगता आले नसते. पण तिचा चेहरा शांत होता, आणि दुष्काळाच्या छावणीत ही मोठी गोष्ट होती.

शास्त्र काय म्हणते?

वाचकहो, हे केवळ भावनेचे बोलणे नाही. गेल्या साठ वर्षांत जगभर या विषयाचा अभ्यास झाला आहे. त्यातली काही माहिती सोप्या भाषेत देतो.

अमेरिकेत न्यूयॉर्कला डॉ. बोरिस लेव्हिन्सन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. कोणाशीही न बोलणारा एक मुलगा एके दिवशी वेळेआधीच त्यांच्याकडे आला. त्यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा त्या वेळी खोलीत होता. मुलगा डॉक्टरांशी बोलला नाही, पण कुत्र्याशी खेळू लागला, आणि कुत्र्याच्या निमित्ताने हळूहळू डॉक्टरांशीही त्याची गट्टी जमली. १९६२ साली त्यांनी या अनुभवावर लेख लिहिला, तेव्हा त्यांच्या व्यवसायातले काही लोक हसले. आज अनेक देशांत बोलण्यात मागे पडलेल्या, घाबरलेल्या किंवा मनाला धक्का बसलेल्या मुलांच्या उपचारात कुत्र्या-घोड्यांची मदत घेतली जाते. कारण साधे आहे. कुत्रा मुलाला "बोल ना" म्हणत नाही, चूक काढत नाही, परीक्षेतले गुण विचारत नाही.

दुसरा अभ्यास हृदयविकाराचा. १९८० साली अमेरिकेतल्या एरिका फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या विभागातून घरी गेलेल्या ९२ रुग्णांची वर्षभर माहिती ठेवली. घरी प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी ३ दगावले. प्राणी नसलेल्या ३९ जणांपैकी ११ दगावले. अभ्यास लहान होता आणि पुढच्या सगळ्याच अभ्यासांत असा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०१३ साली म्हटले की, प्राणी, विशेषतः कुत्रा पाळणे आणि हृदयविकाराचा धोका कमी असणे यांचा संबंध असू शकतो. कुत्रा माणसाला रोज चालायला लावतो, हे त्याचे एक कारण. "सकाळी फिरायला जा" असे मी वीस वर्षे ज्यांना सांगून थकलो, त्यातले एक निवृत्त गुरुजी नातवाने कुत्र्याचे पिल्लू आणल्यावर महिन्याभरात रोज तीन किलोमीटर चालू लागले. माझ्या शब्दापेक्षा पिल्लाच्या साखळीत जोर जास्त निघाला.

तिसरी गोष्ट ऑक्सिटोसिनची. हे नाव आपल्याकडच्या दूधवाल्यांना वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. गायी-म्हशींना पान्हा सोडायला लावण्यासाठी त्याचे इंजेक्शन देण्याचा गैरप्रकार चालतो, आणि तो बेकायदेशीर आहे. पण हे द्रव्य मुळात निसर्गाने आईसाठी केलेले आहे. बाळ जवळ घेतले की आईच्या शरीरात ते वाढते, दूध उतरते आणि जीवही शांत होतो. २०१५ साली जपानमधल्या संशोधकांनी दाखवले की, कुत्रा आणि त्याचा मालक एकमेकांच्या डोळ्यांत प्रेमाने पाहतात, तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते. वासराला पाहून गायीला पान्हा फुटतो, हे आपण रोज पाहतो. माणसालाही मुक्या जिवाकडे पाहून आतून काही फुटते, असे म्हणायला आता शास्त्राचा आधार आहे.

माझ्या हातून झालेली चूक

एवढे चांगले असेल तर डॉक्टर लोक प्राण्यांविषयी नाक का मुरडतात, असे तुम्ही विचाराल. उत्तर द्यायला मला माझीच गोष्ट सांगावी लागेल.

१९९७ साली, दवाखाना टाकून एखादे वर्ष झाले असताना, एका वस्तीवरचा अकरा वर्षांचा मुलगा माझ्याकडे आणला. दोन दिवस ताप, घसा आवळल्यासारखा. पाण्याचा पेला पुढे केला आणि त्याने मान झटकून जो चेहरा केला, तो मी अजून विसरलेलो नाही. मोठ्या रुग्णालयात पाठवला. तिसऱ्या दिवशी तो गेला. रेबीज.

घरच्यांना आठवेना की त्याला कुत्रा केव्हा चावला. त्याच्या धाकट्या बहिणीने नंतर सांगितले. दोन महिन्यांपूर्वी त्याने रस्त्यावरचे एक पिल्लू आणून कडब्याच्या गंजीमागे लपवले होते. ते पिल्लू त्याच्या बोटाला चावले आणि चार दिवसांनी मेले. मुलाने घरी सांगितले नाही, कारण "कुत्रं आणलंस तर तंगडं मोडीन" असे वडिलांनी बजावलेले होते. त्या वेळी सरकारी दवाखान्यात पोटात चौदा इंजेक्शने देत. त्याची पोरांना इतकी धास्ती होती की मुले चावा लपवायची.

तो मुलगा गेला आणि मी कुत्र्यांचा वैरी झालो. पुढची काही वर्षे माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सल्ला दिला : "घरात जनावर नको." १९९९ मध्ये एक शिक्षक जोडपे सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. पहाटे तिची छाती वाजायची, दम लागायचा. घरात कुत्रा आहे कळताच मी पुढचे काही विचारलेच नाही. "आधी कुत्रा हलवा, मग औषध," असे सांगितले. त्यांनी तो दूरच्या नातेवाइकाकडे देऊन टाकला. मुलीचा दम मात्र गेला नाही. सहा महिन्यांनी त्यांच्या घरी एका आजारी म्हातारीला पाहायला गेलो, तेव्हा दिसले की मुलीच्या अंथरुणाच्या उशाशी रात्रभर डासांची कॉइल जळते, आणि भिंतीपलीकडे चूल. धूर बंद केला, रोजच्या श्वासाच्या औषधाची घडी बसवली आणि मुलगी सुधारली. कुत्रा परत आला नाही. तो नव्या घरी अन्न सोडून मेला होता.

ती मुलगी आता मोठी झाली आहे. काही वर्षांपूर्वी आपल्या बाळाला दाखवायला आली. जाताना हसत म्हणाली, "काका, माझा कुत्रा तुम्ही घालवलात हं." हसत म्हणाली खरे, पण वीस वर्षांनी म्हणाली. मी काय बोलणार?

दमा, ॲलर्जी आणि गोठा

त्या मुलीने मला पुन्हा पुस्तके उघडायला लावली. १९८९ साली इंग्लंडच्या डॉ. स्ट्रॅचन यांनी एक विचार मांडला होता : लहानपणी जंतूंशी थोडीफार ओळख झालेल्या मुलांना पुढे ॲलर्जी कमी होत असावी. आपली प्रतिकारशक्ती पोलिसासारखी आहे. चोर कोण आणि शेजारी कोण, हे तिला लहानपणीच कळावे लागते. नाहीतर मोठेपणी ती धुळीच्या कणावरही लाठी चालवते.

स्वीडनमध्ये ६ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१५ साली निष्कर्ष निघाला. ज्यांच्या घरी पहिल्या वर्षी कुत्रा होता, त्यांच्यात शाळेच्या वयात दम्याचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांनी कमी होते. शेतावर जनावरांजवळ वाढलेल्या मुलांत तर ते जवळजवळ निम्मे होते. अमेरिकेत आमिश आणि हटराइट असे दोन शेतकरी समाज आहेत. मूळ एकाच भागातले, खाणेपिणेही बरेचसे सारखे. आमिश लोक घराजवळच गायी-घोडे ठेवतात. हटराइट लोकांची शेती यंत्रांची, गोठे घरापासून लांब. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आमिश मुलांत दमा हटराइट मुलांच्या सुमारे एक चतुर्थांशच आढळला.

याचा अर्थ दमेकरी मुलाला गोठ्यात झोपवावे असा मुळीच नाही. ज्या मुलाला मांजराच्या किंवा कुत्र्याच्या जवळ गेल्यावर प्रत्येक वेळी शिंका, डोळ्यांना खाज आणि धाप लागते, त्याच्यापासून तो प्राणी दूरच ठेवावा लागतो. पण आधी हे खात्रीने ठरवा. घरातला धूर, विडी-सिगारेट, ओल, अंथरुणातली धूळ, हे सगळे निर्दोष सुटतात आणि मुक्या जनावराला शिक्षा होते, असे मी केले तसे करू नका.

मुलांना काय मिळते?

पहिली गोष्ट, जबाबदारी. वासराला पाणी पाजायचे काम ज्या मुलाकडे आहे, त्याला "वेळेवर कर" हे सांगावे लागत नाही. वासरूच हंबरून सांगते. आपल्यावाचून कोणाचे तरी अडते, ही जाणीव मुलाला जितकी सरळ उभी करते, तितके उपदेशाने होत नाही.

दुसरी गोष्ट, दुसऱ्याचे दुःख कळणे. मुके जनावर "दुखतंय" असे सांगत नाही. कान पडले, रवंथ थांबला, नाक कोरडे पडले, हे पाहून ओळखावे लागते. न सांगता ओळखायला शिकलेले मूल पुढे म्हाताऱ्या आईबापांचेही ओळखते.

तिसरी गोष्ट, हालचाल. हल्ली माझ्याकडे दहा-बारा वर्षांची जाड मुले मान दुखते म्हणून येतात. दिवसभर मोबाईलमध्ये मान घातलेली. कुत्र्याबरोबर धावणारे पोर मोबाईल हातात धरू शकत नाही.

चौथी गोष्ट, घरातले बोलणे. सासू-सुनेत, भावाभावांत अबोला असला तरी "म्हशीला वैरण टाकली का?" एवढे तरी बोलावेच लागते. कित्येक घरांत मांजरीला पिल्ले झाली म्हणून आजोबा, नातू आणि शेजारी एका खोलीत जमलेले मी पाहिले आहेत.

आणि पाचवी गोष्ट, मरणाची ओळख. २०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हा आपल्या जिल्ह्यात अनेक गोठ्यांतली जनावरे गेली. लम्पी माणसाला होत नाही. पण त्या दिवसांत झोप न येणारी, छातीत धडधडते म्हणणारी मोठी माणसे माझ्याकडे आली. नुकसानीचे दुःख होतेच, पण नुसते पैशाचे नव्हते. मुले तर गायीच्या रिकाम्या दाव्याजवळ बसून राहत. अशा वेळी "त्यात काय रडायचं, दुसरी आणू" असे म्हणू नका. रडू द्या. आपल्या माणसाच्या जाण्याला सामोरे जायची ही पहिली शिकवणी असते.

आता सावधगिरीच्या चार गोष्टी

प्रेम आंधळे असले तर ते रोग घेऊन येते. म्हणून पुढचा भाग कापून कपाटाला चिकटवा, ही विनंती.

१. लस : कुत्र्या-मांजराच्या पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस द्या. पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे दुसरा डोस आणि मग दरवर्षी. जंताचे औषधही त्यांच्याच सल्ल्याने.

२. चावल्यास : जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा. घड्याळ लावून १५ मिनिटे. तिखट, चुना, हळद, तंबाखू काहीही भरू नका. पट्टी घट्ट बांधू नका. मग त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. पोटातल्या इंजेक्शनांची जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता दंडात सुई देतात : कातडीत दिल्यास पहिल्या दिवशी, मग ३ऱ्या, ७व्या आणि २८व्या दिवशी, स्नायूत दिल्यास १४व्या दिवशी आणखी एक. रक्त आले असेल तर जखमेत सीरमचे इंजेक्शनही लागते. रक्त न येता नुसता ओरखडा असला तरी लस लागते. चावलेले कुत्रे दहा दिवस नजरेखाली ठेवा, पण लस सुरू करायला त्या दहा दिवसांची वाट पाहू नका. मंत्रतंत्राने रेबीज उतरत नाही. लक्षणे दिसू लागली की कोणाच्याही हातात काही राहत नाही.

३. मुलांना अभय द्या : हा नियम मला १९९७ च्या त्या मुलाने शिकवला. "कुत्रा चावला, मांजराने ओरखडले, पिल्लू घरी आणले, काहीही असो, आधी मला सांग. मी मारणार नाही." असे मुलांना आजच जवळ घेऊन सांगा. मुलाने लपवलेला चावा जिवावर बेतू शकतो.

४. लहान मूल आणि कुत्रा : पाच वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही कुत्र्याजवळ एकटे सोडू नका, तो कितीही गरीब असला तरी. खाताना, झोपलेले असताना आणि पिल्ले जवळ असताना कुत्र्याला हात लावायचा नाही, हे मुलांना शिकवा.

५. हात आणि दूध : जनावराला हात लावल्यावर, जेवणाआधी साबणाने हात. दूध नेहमी उकळूनच. "धारोष्ण दुधात ताकद असते" म्हणून कच्चे दूध पिणाऱ्यांना ब्रुसेलोसिस होतो. महिनोन्महिने ताप येत-जात राहतो, सांधे दुखतात आणि निदान लवकर होत नाही.

६. कच्ची आतडी : बकरे-मेंढरे कापल्यावर आतडी, फुप्फुसे, काळीज कुत्र्यांपुढे कच्चे टाकू नका. त्यातून कुत्र्याच्या पोटात एक बारीक कृमी वाढतो आणि त्याच्या अंड्यांमुळे माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याची गाठ होते. ती काढायला अनेकदा मोठे ऑपरेशन लागते.

७. गर्भवती आणि मांजर : मांजर घराबाहेर घालवायची गरज नाही. तिची विष्ठा साफ करायचे काम मात्र त्या काळात दुसऱ्याने करावे. भाज्या स्वच्छ धुवाव्यात, मांस पूर्ण शिजवावे.

८. गोचीड, पिसवा, गजकर्ण : जनावराचे केस चकत्यांनी जात असतील आणि घरात गोल खाजरे चट्टे उठत असतील, तर दोघांचेही उपचार एकाच वेळी करा. नुसते माणसाला मलम लावून उपयोग नाही.

९. बिबट्या : आपल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा त्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि गावातल्या कुत्र्यांचा निघाला. उसाच्या पट्ट्यात हे आपल्याला वेगळे सांगायला नको. रात्री कुत्रा आणि शेळ्या बंदिस्त जागेत ठेवा. अंधार पडल्यावर कुत्र्याला बांधायला किंवा शेळी पाहायला लहान मुलाला एकटे पाठवू नका.

कोणता प्राणी पाळावा?

सावेडीच्या बंगल्यात हल्ली हस्की दिसतो. बर्फातले ते जनावर नगरच्या उन्हाळ्यात पंख्याखाली धापा टाकत पडते. हौस आपली आणि हाल त्याचे. आपल्या हवेत रुळलेले गावठी कुत्रे हुशार, काटक आणि इमानी असते. पिंजऱ्यातला पोपट पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे अजून पुष्कळांना ठाऊक नाही. हेमलकशाला डॉ. प्रकाश आमटे यांनी अनाथ झालेली अस्वले आणि बिबटे सांभाळले आणि त्यांची मुले त्या प्राण्यांबरोबर वाढली, हे वाचून काही मुले माझ्याकडे "आम्हीपण रानातलं पिल्लू आणू का?" म्हणून विचारतात. त्यांना मी सांगतो, ते काम निराळे, तिथे शिकारीत आई गेलेल्या पिल्लांना दुसरा आधार नव्हता. रानातले रानात राहू द्या.

ज्यांना जागा नाही, वेळ नाही, त्यांनी प्राणी आणूच नये. हौसेने आणलेली आणि मोठी झाल्यावर रस्त्याच्या कडेला सोडलेली कुत्री हा मुलांसाठी वाईट धडा असतो. नको झालेले सोडून द्यायचे, असे मूल त्यातून शिकते. अशांनी अंगणात चिमण्यांसाठी पाण्याचे भांडे ठेवावे. तेवढ्यानेही घरात सकाळ निराळी उगवते.

आणि तो मुलगा

आता त्या बोकडाच्या मुलाकडे वळतो. मी बाईला बाहेर बसवून त्याच्या वडिलांना बोलावून घेतले. बाजारातच होते. बिचारे अपराध्यासारखे उभे राहिले. "डॉक्टर, पोरीच्या कॉलेजची फी भरायची होती. शेळी म्हणजे आमची बँक. वेळेला कामाला येते म्हणूनच पाळतो." त्यांचे काय चुकले होते? काहीच नाही. चूक एवढीच झाली होती की, मुलगा शाळेत गेल्यावर बोकड नेला आणि संध्याकाळी त्याला सांगितले, "दावं तोडून पळून गेला." मुलगा तीन संध्याकाळी उसाच्या कडेने हाका मारत हिंडला. चौथ्या दिवशी शाळेतल्या एका पोराने त्याला खरे सांगितले.

मी वडिलांना सांगितले, "बोकड विकला हे त्याने समजून घेतले असते. खोटे सांगितले ते त्याच्या पोटात दुखते आहे." त्यांना म्हटले, त्याला जवळ घ्या, बहिणीच्या फीची पावती दाखवा, आणि म्हणा, तुझ्या बोकडामुळे ताई कॉलेजात गेली. पुढच्या वेताची एक पाट त्याच्या नावाने ठेवा. ती दुधासाठी वाढवायची, विकायची नाही, आणि कोणते जनावर विकण्याचे आणि कोणते ठेवण्याचे, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असू द्या.

टॉनिकचा कागद मी फाडून टाकला. तपासणीची फी घेतली नाही, कारण निदान माझे नव्हते.

परवा पुन्हा बाजार होता. म्हातारी एकटीच आली, स्वतःचे गुडघे दाखवायला. मी विचारायच्या आतच म्हणाली, "पोरगं जेवतंय साहेब. शाळेतून आलं की करडाला पाला घालतं अन् मग स्वतः ताटावर बसतं." आणि मग गुडघ्यावर हात ठेवून पुढे म्हणाली, "रातच्याला त्याला समदं सांगत बसतं. मला सांगत न्हाई ते त्या करडाला सांगतं."

मी तिला म्हटले, "आजी, सांगू दे. तुम्ही फक्त जवळ बसून ऐका."